विश्लेषण : पेशीच्या आतील 'वाहतूक' आणि कर्करोगावरील इम्युनोथेरपी… ठाणे-डोंबिवलीच्या रुग्णांना तिचा उपयोग किती?

सकाळच्या गर्दीत कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव असलेल्या डब्यात जाड फाइल मांडीवर घेऊन बसलेले प्रवासी दिसतात. त्यांतील अनेकांना परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचायचे असते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे शब्द या कुटुंबांच्या सवयीचे झालेले असतात. आता त्यांच्या कानावर चौथा शब्द पडतो, तो म्हणजे इम्युनोथेरपी. रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी ही उपचारपद्धती आशा देते, पण तिचा खर्च ऐकून घरातले गप्प होतात. या उपचाराचे मूळ एका वेगळ्याच प्रश्नात आहे : पेशीच्या आत माल इकडून तिकडे कसा जातो? त्या प्रश्नापासून परळमधील २० मिलिग्रॅमच्या डोसपर्यंतचा हा आढावा.

पेशीच्या आत कसली वाहतूक चालते?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेद आणि प्रथिनांचे पातळ पटल असते. आतही पटलाने वेढलेले अनेक कप्पे असतात. शाळेच्या पुस्तकात भेटलेली आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल आणि लयकारिका हे त्यांपैकीच. आंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेली प्रथिने गॉल्गी संकुलात जातात आणि तिथून ठरलेल्या ठिकाणी रवाना होतात. हा माल पटलाच्याच बनलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून जातो. एका कप्प्यातून पिशवी सुटते, दुसऱ्या कप्प्याला जाऊन चिकटते आणि माल उतरवते. योग्य पिशवी योग्य पत्त्यावर कशी पोहोचते, याचा उलगडा केल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहॉफ यांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बाहेरून आत येणारी वाहतूकही तितकीच महत्त्वाची. पेशी आपल्या पटलाचा एक भाग आत ओढून घेते आणि त्याबरोबर बाहेरचे पदार्थही आत येतात. हा माल आधी 'एंडोसोम' नावाच्या कप्प्यात पोहोचतो. कल्याण जंक्शनवर काही गाड्या कसाऱ्याकडे, काही कर्जतकडे वळतात आणि काही तिथूनच मुंबईकडे परततात, तशी इथे मालाची विभागणी होते. काही प्रथिने पुन्हा पेशीच्या पृष्ठभागावर पाठवली जातात. बाकीची लयकारिकेत जातात आणि तिथल्या आम्लात, विकरांच्या मदतीने त्यांचे तुकडे होतात.

याचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध काय?

रोगप्रतिकारशक्तीतील टी पेशी दुसऱ्या पेशीच्या आत डोकावू शकत नाहीत. त्यांना दिसतो तो फक्त पृष्ठभाग. त्यामुळे आत काय चालले आहे याचा नमुना प्रत्येक पेशीला बाहेर मांडावा लागतो. पेशीतील प्रथिनांचे छोटे तुकडे 'एमएचसी' नावाच्या रेणूंवर बसवून पृष्ठभागावर पाठवले जातात. दुकानदाराने फळीवर माल मांडावा, तसा हा प्रकार. एखादा तुकडा विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा निघाला, की टी पेशी सावध होते.

पण नव्या टी पेशीला पहिला धडा कोणीतरी द्यावा लागतो. ते काम मुख्यतः डेंड्रिटिक पेशी करतात. राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी १९७३ मध्ये या पेशींचा शोध लावला. त्या मरणाऱ्या पेशींचे अवशेष गिळतात, लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि गिळलेल्या मालाचे तुकडे टी पेशींना दाखवतात. स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, पण त्याच्या तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी डेंड्रिटिक पेशींवर आधारित प्रायोगिक उपचार स्वतःवरही करून घेतले होते.

पेशीशास्त्रज्ञ आयरा मेलमन यांनी काय शोधले?

पेशीतील वाहतूक आणि कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती या दोन विषयांना जोडणाऱ्यांत अमेरिकी पेशीशास्त्रज्ञ आयरा मेलमन यांचे नाव ठळकपणे घेतले जाते. तरुणपणी त्यांनी रॉकफेलर विद्यापीठात स्टाइनमन यांच्याबरोबर काम केले. पुढे येल विद्यापीठात एंडोसोम हा कप्पा, त्यातील आम्लता आणि मालाची विभागणी यांवर त्यांनी मूलभूत संशोधन केले. तेव्हा या कामाचा कर्करोगाशी थेट संबंध कोणाला दिसला नसता.

नंतर हीच नजर त्यांनी डेंड्रिटिक पेशींकडे वळवली. अपरिपक्व अवस्थेत या पेशी माल गिळतात, पण एमएचसी रेणूंचा एक प्रकार आतल्याच कप्प्यांत साठवून ठेवतात. धोक्याचा इशारा मिळाला की हा साठा पृष्ठभागाकडे निघतो आणि गिळलेल्या मालाचे तुकडे बाहेर मांडले जातात. डेंड्रिटिक पेशींच्या लयकारिका इतर भक्षक पेशींच्या तुलनेत सौम्य असतात, हेही त्यांच्या गटाने दाखवले. माल पूर्ण नष्ट केला तर दाखवायला काही उरणार नाही. म्हणून तो जपून तोडला जातो.

मेलमन २००७ मध्ये जेनेन्टेक या औषध कंपनीत गेले. २०१३ मध्ये डॅनियल चेन यांच्यासह त्यांनी 'कर्करोग-प्रतिकार चक्र' ही सात टप्प्यांची मांडणी केली. मरणाऱ्या कर्कपेशींतून प्रथिने बाहेर पडणे, डेंड्रिटिक पेशींनी ती दाखवणे, टी पेशी सज्ज होणे, रक्तातून गाठीकडे जाणे, गाठीत शिरणे, कर्कपेशी ओळखणे आणि शेवटी तिला मारणे, असे हे टप्पे. यातील एकही टप्पा अडला तर चक्र थांबते. एकच औषध एका रुग्णाला लागू पडते आणि दुसऱ्याला का नाही, हे समजून घेण्यासाठी जगभरातील डॉक्टर आज ही मांडणी वापरतात.

मुंबईत यावर काही काम झाले आहे का?

झाले आहे, आणि त्याला जुनी परंपरा आहे. पुण्यात जन्मलेल्या पेशीशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन संशोधन प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर वाढवून कर्करोगाचा अभ्यास करण्याची वाट इथे त्यातून रुळली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

अलीकडच्या काळात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पवईच्या आयआयटीत काम करणारे प्रा. रूप मलिक यांनी या वाहतुकीतील 'इंजिने' अभ्यासली. पेशीने गिळलेला माल 'डायनिन' नावाची प्रथिने ओढून नेतात. एकटे डायनिन दुबळे असते, मात्र अनेक एकत्र आली की जोर लावतात. गिळलेला माल सुरुवातीला मागे-पुढे हिंदकळतो. कालांतराने त्याच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त भाग तयार होतात, तिथे डायनिन गोळा होतात आणि माल वेगाने लयकारिकेकडे जातो, हे मलिक यांच्या गटाने २०१६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात दाखवले. हे काम कर्करोगाच्या औषधाचे नव्हे. पण प्रतिकारपेशी गिळलेल्या मालाची विल्हेवाट कशी लावतात, हे त्यातून कळते.

कर्करोग या व्यवस्थेला चकवतो कसा?

अनेकदा याच वाहतुकीत गडबड करून. पहिला मार्ग म्हणजे फळी रिकामी करणे. काही कर्कपेशी एमएचसी रेणू पृष्ठभागावर येऊच देत नाहीत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे रेणू पृष्ठभागावर पोहोचण्याऐवजी लयकारिकेकडे वळवले जातात आणि तिथे नष्ट होतात, असे २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उंदरांमध्ये हा मार्ग अडवल्यावर टी पेशींना कर्कपेशी पुन्हा दिसू लागल्या.

दुसरा मार्ग म्हणजे टी पेशीला 'थांब' असा खोटा इशारा देणे. टी पेशीवर 'पीडी-१' नावाचा ब्रेक असतो. शरीराच्या निरोगी पेशींवर हल्ला होऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. कर्कपेशी 'पीडी-एल१' हे प्रथिन पृष्ठभागावर मिरवतात आणि हा ब्रेक दाबतात. इथेही वाहतूक आडवी येते. पीडी-एल१ आत ओढले गेले, तरी 'सीएमटीएम६' नावाचे प्रथिन त्याला लयकारिकेकडे जाऊ न देता पृष्ठभागावर परत पाठवते. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे दाखवून दिले. म्हणजे कर्कपेशीचे संरक्षक कवच टिकते ते एंडोसोमवरून परत फिरणाऱ्या मालामुळे.

मग इम्युनोथेरपी नेमके काय करते?

सध्या सर्वाधिक वापरली जाणारी औषधे हा ब्रेक सोडवतात. पीडी-१ चा शोध जपानचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांनी काम केले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. निव्होल्युमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ ला झाकतात, तर अॅटेझोलिझुमॅब आणि डुर्व्हालुमॅब पीडी-एल१ ला. ब्रेक सुटला की टी पेशी कर्कपेशीला चिकटते आणि आपल्या आतील विषारी प्रथिनांच्या पिशव्या नेमक्या त्या जागी रित्या करते. हीदेखील पटलांची वाहतूकच.

मात्र ही जादूची कांडी नाही. बऱ्याच रुग्णांत तिचा उपयोग होत नाही, कारण चक्राचा दुसराच टप्पा अडलेला असतो. फळीच रिकामी असेल तर ब्रेक सोडून काय साधणार? शिवाय सुटलेला ब्रेक निरोगी अवयवांनाही महागात पडू शकतो. थायरॉइड, आतडी, फुप्फुसे, यकृत यांना सूज येऊ शकते आणि ती वेळीच ओळखली नाही तर गंभीर ठरते. त्यामुळे हे उपचार अनुभवी कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागतात. बाजारात 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-गोळ्यांचा आणि या उपचाराचा काडीचाही संबंध नाही.

टाटा रुग्णालयाचा '२० मिलिग्रॅम'चा अभ्यास काय सांगतो?

भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्यामागे तंबाखू, सुपारी ही मोठी कारणे आहेत. आजार पुढे गेलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपी देता येते. पण डोके व मान भागातील कर्करोगासाठी मान्य असलेले असे उपचार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत केवळ १ ते ३ टक्के रुग्णांनाच परवडतात, असे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनीच नोंदवले आहे.

त्यांनी प्रश्न विचारला की एवढी मोठी मात्रा खरोखर लागते का? निव्होल्युमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. पण सुरुवातीच्या चाचण्यांत खूप कमी मात्रेतही टी पेशींवरील पीडी-१ रेणू बऱ्याच अंशी झाकले जात असल्याचे दिसले होते. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० मिलिग्रॅमऐवजी ४० मिलिग्रॅम, म्हणजे अठरावा हिस्सा.

आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या कमी खर्चाच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटाला याच गोळ्यांच्या जोडीला २० मिलिग्रॅम निव्होल्युमॅब मिळाले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के होते. सरासरी आयुर्मानाचा मध्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणाम लक्षणीय वाढले नाहीत. हा अभ्यास 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाला.

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, त्यामुळे 'कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी' असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. अभ्यास डोके व मानेच्या कर्करोगापुरता होता. आजार बरा झाला असेही नाही. मिळाला तो काळ. पण ज्याला पूर्ण मात्रा परवडतच नाही, त्याच्यासमोरचा खरा पर्याय 'काहीच नाही' हा असतो. त्या कुटुंबासाठी या आकड्यांचे मोल वेगळे आहे.

पवई-खारघरची 'कार-टी' यापेक्षा वेगळी कशी?

इम्युनोथेरपीचा हा दुसरा प्रकार आहे. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढून त्यांत प्रयोगशाळेत नवा रिसेप्टर बसवला जातो. तो कर्कपेशीवरील 'सीडी१९' हे प्रथिन थेट ओळखतो. त्यामुळे एमएचसीच्या फळीवर तुकडा मांडला जाण्याची गरज उरत नाही, आणि फळी रिकामी करणाऱ्या कर्कपेशीची ती युक्ती इथे चालत नाही. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत या उपचाराचे लोकार्पण झाले.

हा उपचार काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगापुरता आहे, तोही नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी. तोंडाच्या वा स्तनाच्या गाठीवर तो चालत नाही. परदेशातील अशा उपचारांच्या तुलनेत खर्च सुमारे दहापट कमी असला, तरी तो अजूनही लाखांत जातो.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीसाठी याचा अर्थ काय?

परळ मध्य रेल्वेवरच आहे. पवईसाठी कांजूरमार्गला उतरावे लागते, तर टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील संशोधन व उपचार केंद्र ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर. देशाच्या दूरच्या भागातून येणाऱ्या रुग्णांना मुंबईत निवारा शोधावा लागतो, इथल्या रुग्णाला घरून ये-जा करता येते. पण केमोथेरपीनंतर उलट्या होत असताना डोंबिवलीपर्यंतचा प्रवास काय असतो, हे तो करणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ठाण्यात बाळकुम येथे ऑगस्ट २०२३ मध्ये भूमिपूजन झालेल्या कर्करोग रुग्णालयाकडे या पट्ट्याचे लक्ष आहे.

रुग्ण आणि नातेवाईकांनी इम्युनोथेरपीचा विषय निघाल्यावर काही प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावेत. आपल्या कर्करोगाच्या प्रकारात हे औषध उपयोगी ठरल्याचा पुरावा आहे का? पीडी-एल१ किंवा अन्य तपासणी आवश्यक आहे का? उद्दिष्ट आजार बरा करण्याचे आहे की आयुष्य वाढवण्याचे? कमी मात्रेचा पर्याय आपल्याला लागू होतो का? एकूण किती डोस लागतील आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा अन्य योजनेतून काही मिळेल का? घरदार गहाण ठेवण्याआधी टाटासारख्या केंद्रात दुसरे मत घेणे केव्हाही चांगले. मात्रा मनाने कमी करणे किंवा समाजमाध्यमांवरील सल्ल्याने औषध घेणे मात्र धोक्याचे.

सर्वांत स्वस्त उपाय आजही लवकर निदानाचाच आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ, यांपैकी काहीही आढळले तर तपासणी टाळू नये. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण टाटाच्या रांगेत उभेच आहेत.

पुढे काय व्हायला हवे?

कमी औषध पुरेसे ठरते का, हे तपासण्यात औषध कंपनीचा फायदा नसतो. असे अभ्यास सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थाच करू शकतात. टाटाने ते करून दाखवले. आता अन्य कर्करोगांतही मोठ्या संख्येच्या रुग्णांवर असे अभ्यास व्हावेत, यासाठी निधी लागेल. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डुर्व्हालुमॅबसह कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क माफ झाले, हे स्वागतार्ह. पण केवळ शुल्कमाफीने लाखांचे औषध हजारांत येत नाही. पुराव्याने सिद्ध झालेल्या कमी मात्रेच्या उपचारांना सरकारी आरोग्य योजनांत स्थान देणे आणि महापालिका रुग्णालयांत तोंडाच्या तपासणीची नियमित सोय करणे, ही राज्य आणि महापालिकांची जबाबदारी आहे. एंडोसोमवरील मूलभूत संशोधनापासून रुग्णाच्या हातातील सलाइनपर्यंतची वाट शास्त्रज्ञांनी काही दशकांत पार केली. परळपासून डोंबिवलीपर्यंतचे अंतर त्यापेक्षा बरेच कमी आहे, आणि ते कापणे धोरणकर्त्यांच्या हातात आहे.